मोठा खटका

८ जानेवारी

छोट्या,

फोन करू नकोस. परवा केलास तेव्हा मला 'मशीन' एवढा एकच शब्द कळला, बाकी सगळं तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखं ऐकू आलं. माझे कान आता फोनच्या कामाचे राहिलेले नाहीत. तू लिही. लिहिलेलं सावकाश वाचता येतं, आणि राग आला तर पुन्हा वाचता येतं.

तर मशीन. कपडे धुवायचं मशीन लावलं की घरातली सगळी वीज जाते. दाराजवळच्या पेटीत तो मोठा खटका आहे ना, तो खाली पडतो. दिवे, पंखे, फ्रिज, सगळं ठप्प. मग स्टूल आणा, स्टुलावर चढा, खटका वर करा, उतरा, मशीन पुन्हा लावा. थोडा वेळ ते गुपचूप फिरतं, मला वाटतं आता सुटलो, आणि मी स्वयंपाकघरात पोचते न पोचते तोच पुन्हा तेच. कपडे साबणाच्या पाण्यात अडकलेले, दार उघडायला तयार नाही, आणि मी बाहेर उभी.

कंपनीचा माणूस येऊन गेला. त्याने मशीन लावलं तर ते शहाण्या बाळासारखं फिरलं. म्हणाला, "मशीन झकास आहे, तुमचं वायरिंग म्हातारं झालंय." मग वायरमन बोलावला. त्याने बोर्ड उघडून चार ठिकाणी टेस्टर टोचला आणि म्हणाला, "वायरिंगला काही धाड भरलेली नाही, मशीन बदला." दोघेही छाती पुढे काढून सांगून गेले. संध्याकाळी मशीन लावलं, घरात अंधार.

तू जन्मभर कारखान्यात हेच केलंस. एवढ्या मोठ्या मोठ्या मशिनी सांभाळल्यास, बहिणीचं एक बघायला एकदा येऊन जा. एका दिवसाचा तर प्रवास.

यांची तब्येत ठीक आहे. माझीही.

ताई

१६ जानेवारी

ताई,

आधी त्या खटक्याला शिव्या देणं बंद कर. तो बिचारा त्याचं काम करतोय. घरात जेवढी वीज येते तेवढीच परत जाते की नाही, एवढंच तो बघत बसलेला असतो. मध्ये कुठे थोडी जरी गळाली तरी तो पडतो. म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती मशीनमध्ये असेल, मशीनच्या सॉकेटमध्ये असेल, किंवा भलत्याच ठिकाणी असेल आणि मशीन उगाच बदनाम होत असेल. हे शेवटचं मी कारखान्यात खूप वेळा पाहिलंय. आरोप एकावर आणि चोर दुसराच.

आता मी सांगतो तसं कर. घरातली प्रत्येक वस्तू बंद कर. नुसतं बटण बंद करून भागणार नाही, प्लग ओढून बाहेर काढ. फ्रिज, टीव्ही, मिक्सर, गिझर, इस्त्री, सगळं. मग एकटं मशीन लाव. खटका पडला तर चोर मशीन नाहीतर त्याचं सॉकेट. नाही पडला तर एकेक प्लग परत लावत जा आणि कुठल्या प्लगला पडतो ते बघ.

सॉकेट न्हाणीघरात आहे का? तिथे ओल असणार. त्या वायरमनकडून ते बदलून घे, वाद घालत बसू नकोस. आणि मशीन कुठल्या प्रोग्रामवर लावतेस तेही लिही.

यायचं सध्या जमत नाही गं. घरात बरीच गडबड आहे. मग बघू.

भाऊजींना नमस्कार सांग. त्यांना म्हणावं, स्टुलावर तुम्ही चढा, तिला कशाला चढवता?

छोट्या

२४ जानेवारी

छोट्या,

सगळे प्लग काढले. फ्रिजच्या मागे हात जाईना म्हणून फ्रिज सरकवला, तो सरकवताना माझी कंबर धरली. गिझरचा प्लग वर इतका घट्ट बसला होता की सॉकेटच हातात येतंय की काय असं वाटलं. न्हाणीघरातलं सॉकेट नवीन बसवून घेतलं. वायरमनने जुनं माझ्या नाकासमोर धरून दाखवलं, "बघा, कोरडं ठणठणीत आहे." मी म्हटलं, "असू दे, माझ्या भावाने सांगितलंय." त्यावर तो ज्या नजरेने माझ्याकडे बघत होता ती तू बघायला हवी होती.

मग एकटं मशीन लावलं. फिरलं. मी खुर्ची टाकून समोरच बसले. पाणी भरलं, गोल गोल फिरायला लागलं, मी मनात म्हटलं, छोट्या जिंकला. आणि खटका पडला.

मग तेच मशीन दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं, यांचा एक सदरा आणि दोन टॉवेल टाकून. अथपासून इतिपर्यंत चाललं. काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा अंधार. याला काय म्हणायचं? एकाच वस्तूने माझी रोज वेगळी परीक्षा घ्यायची का?

प्रोग्राम नेहमीचाच.

फ्रिजमधलं दूध नासलं. घड्याळ बंद पडतं. एकदम दिवे गेले की हे घाबरतात, मग त्यांना शांत करण्यात अर्धा तास जातो. स्टुलाचं म्हणशील तर ते चढत नाहीत, मीच चढते, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

गडबड कसली आहे ते लिहिलं नाहीस. पत्राचं अक्षरही सूनबाईंचं दिसतंय. साहेबांना आता लेखनिक लागतो वाटतं.

ताई

२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. सॉकेट नाही, दुसरी कुठली वस्तू नाही. म्हणजे मशीनच. पण मशीन असेल तर ते कधी पडतं आणि कधी नाही, असं का? मोटरमध्ये ओल शिरली असती तर पहिल्या फेऱ्यालाच पडलं असतं. पंपात दोष असता तर पाणी काढताना पडलं असतं. तू म्हणतेस पाणी भरून झाल्यावर, फिरता फिरता. आणि सदरा टॉवेलला नाही. वजनाचा प्रश्न आहे का? तू मशीन ठासून भरतेस का? खरं सांग.

एक करून बघ. स्वयंपाकघरातल्या सॉकेटवरून लांब वायर ओढून मशीन लाव. वायर जाड घे, दिव्याची पातळ नको. आणि तिथे पडलं तर किती वेळाने, कुठल्या टप्प्यावर, ते नीट बघून लिही. अंदाजे लिहू नकोस, 'थोड्या वेळाने' म्हणजे काय ते मला कळत नाही. समोर उभा असतो तर एका तासात काढलं असतं, पण तू जे लिहितेस तेवढंच मला दिसतं, आणि तू अर्धं लिहितेस.

दुसरं म्हणजे, तू रोज मशीन का लावतेस तेच मला समजत नाही. तुम्ही दोघं माणसं. दोघांचे कपडे ते किती? आठवड्यातून दोनदा लावलंस तर चालणार नाही का? हा प्रश्न सुटेपर्यंत हाताने धू, काही बिघडत नाही. आईने आपल्या सगळ्यांचे धुतले.

छोट्या

१३ फेब्रुवारी

छोट्या,

मशीन चालू झालं. आता तू डोकं शिणवू नकोस.

खालच्या मजल्यावर ती शिंपीणबाई आहे ना, तिच्याकडे शिलाई मशीन दुरुस्त करायला एक माणूस येतो. तिने त्याला वर पाठवला. त्याने मशीनचा प्लग उघडला, आत हिरवी वायर होती ती काढून टाकली, टोकाला पट्टी गुंडाळली आणि प्लग बंद केला. म्हणाला, "ही हिरवीच सगळी भानगड करते. हिचा काही उपयोग नसतो." चहा प्यायला बसला त्यापेक्षा कामाला कमी वेळ लागला. तेव्हापासून रोज लावतेय, खटका एकदाही पडलेला नाही.

तुम्ही सगळे मोठे जाणकार. एकाने वायरिंग म्हटलं, एकाने मशीन म्हटलं, तू मला फ्रिज सरकवायला लावलास आणि वर विचारतोस, दोघांचे कपडे ते किती. किती ते मला माहीत आहे. माझे हात दुखतात तेही मला माहीत आहे. आईचं नाव मध्ये आणलंस ते मला अजिबात आवडलं नाही.

यायचं जमत नाही म्हणालास, नको येऊस. जमलंय आता इथे.

ताई

१७ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र कुरियरने पाठवतोय. हातात पडताक्षणी आधी मोठा खटका स्वतः खाली पाड, मग मशीनचा प्लग ओढून काढ. खटका पाडल्याशिवाय मशीनला हात लावू नकोस. भाऊजींना न्हाणीघरापासून लांब ठेव.

त्या माणसाने गळती थांबवलेली नाही. गळालेली वीज जमिनीत जायची वाट तेवढी बंद केली. ती हिरवी वायर म्हणजे ती वाट. आता तीच वीज मशीनच्या पत्र्यात येऊन थांबते आणि कुणी हात लावायची वाट बघते. खटका पडत नाही याचा अर्थ दोष गेला असा नाही.

तुला फोनवर कळणार नाही, म्हणून निरोपासाठी दिलेल्या शिंपीणबाईंच्या नंबरावर सकाळपासून लावतोय, उचलत नाहीत. पुन्हा लावतो.

रागावलीस ते बरोबर आहे, पण तो राग नंतर काढ. आधी प्लग.

छोट्या

१९ फेब्रुवारी

छोट्या,

तुझं कुरियर काल दुपारी आलं. शिंपीण त्याच्या थोडी आधी धावत वर आली, तुझा फोन एकदाचा तिला मिळाला म्हणून. जे व्हायचं ते काल सकाळीच होऊन गेलं होतं.

हे बरे आहेत. ते आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुला नीट वाचता येईल.

सकाळी मी मशीन लावलं आणि स्वयंपाकघरात गेले. मशीन चालू होतं, आवाज येत होता, म्हणजे मला जेवढा येतो तेवढा. एकदम दिवे गेले. मी म्हटलं, झालं, पुन्हा सुरू. रागाने स्टूल घ्यायला वळले तर न्हाणीघरात हे खाली बसलेले. पाठ भिंतीला, पाय ओल्या फरशीवर पसरलेले, आणि छातीशी एक उशीचा अभ्रा घट्ट धरलेला. तोंड पांढरंफटक. मी हाक मारली तर माझ्याकडे बघितलं, पण बोलता येईना. उजवा हात कोपरापर्यंत मुंग्या आल्यासारखा, असं नंतर म्हणाले. मशीनच्या दाराला हात लावला होता. डॉक्टर येऊन गेले. छाती तपासली, ईसीजीची पट्टी काढली, म्हणाले, ठीक आहे, पण तुमच्या घरातला तो खटका पडला नसता तर मी वेगळ्या कामाला आलो असतो. मी त्यांना सांगितलं नाही की गेला महिनाभर मी त्याच खटक्याला शिव्या घालतेय.

आता बाकीचं लिहिते. तू अर्धं लिहितेस म्हणालास ना.

हे आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून. मला ओळखतात, पण कधी कधी दारात उभे राहून विचारतात, "घरी कधी जायचं?" आणि झोपेत त्यांना कळत नाही. रोज अंथरूण ओलं होतं. चादर, दुलई, पायजमा, कधी उशीही. तू विचारलंस दोघांचे कपडे किती. एवढे. गार पाण्याने वास जात नाही, म्हणून मी मशीन सगळ्यात गरम पाण्यावर लावते. सदरा टॉवेल नेहमीच्या पाण्यावर. कंपनीच्या माणसाला मी काही बोललेच नाही, त्याने त्याच्या मनाने बटण दाबलं. रोज काय एवढं गरम धुता, असं त्याने विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? तुलाही लिहवेना. तू यांना केवढा मान देतोस. लग्नात तू त्यांच्या मागे मागे फिरत होतास, त्यांचं घड्याळ बघायला मिळावं म्हणून. तुझ्या डोळ्यांपुढे ते तसेच राहावेत असं मला वाटलं.

आणि तो अभ्रा. मी त्यांना विचारलं, "तुम्ही न्हाणीघरात कशाला गेलात?" म्हणाले, "तुला कळायच्या आत टाकणार होतो." अभ्रा त्यांनी गादीखाली लपवून ठेवला होता. म्हणजे त्यांना कळतं. मला वाटत होतं, कळत नाही तेच बरं. त्यांना सगळं कळतं, छोट्या.

प्लग काढलाय. मशीन तसंच उभं आहे. मी बादलीत धुतेय.

ताई

२३ फेब्रुवारी

ताई,

'सगळ्यात गरम.' एवढे दोन शब्द पहिल्या पत्रात असते तर मी उलट टपाली सांगितलं असतं. मशीनमध्ये पाणी तापवायची कॉइल असते. तिचं बाहेरचं कवच तडकलं की गार पाण्यावर मशीन छान चालतं आणि गरमवर लावलं की पाणी भरून झाल्यावर कॉइल चालू होते आणि वीज पाण्यात, पाण्यातून पत्र्यात. पाणी भरल्यावर, फिरता फिरता. तू बरोबर लिहिलं होतंस. वजनाचं मी उगाच काढलं.

हे मी रागाने लिहीत नाहीये. तू का लिहिलं नाहीस ते समजलं. आणि मला बोलायला तोंड नाही, कारण मीही काही लिहिलेलं नाही.

घरात गडबड वगैरे काही नाही. माझे हात थरथरतात. दोन्ही, पण उजवा जास्त. आधी चहाचा कप, मग सही, आता पेन धरलं की ओळ चढउतार करते, म्हणून सूनबाईला सांगतो आणि ती लिहिते. हे वाक्य लिहिताना ती थांबली होती, मी म्हटलं लिही. डॉक्टर म्हणतात औषध घ्या, कमी होईल, जाणार नाही. तुझ्याकडे यायचं म्हणजे मशीन उघडायचं. स्क्रू पिळायला घेतला आणि स्क्रूड्रायव्हर खाचेवर टेकलाच नाही, तर तू काय म्हणशील, भाऊजी काय म्हणतील, हेच डोक्यात. चाळीस माणसं हाताखाली वागवली मी, आणि आता शर्टाची बटणं सून लावते. म्हणून दुरून शहाणपण सांगत बसलो. मी वेळेवर आलो असतो तर त्या शिलाईवाल्याला वर यावंच लागलं नसतं.

येतोय. शनिवारच्या गाडीने. तुझ्या मशीनच्या मागे नंबर आहे, तो कागदावर उतरवून कुणाकडून तरी कळव, कॉइल इथल्या दुकानातून घेऊनच निघतो. पण आधीच सांगतो, स्क्रूड्रायव्हर तुला धरावा लागेल. मी खुर्चीत बसून सांगेन.

भाऊजींना मी येतोय एवढंच सांग. बाकी मला माहीत आहे असं दाखवायची गरज नाही.

छोट्या

१४ मार्च

छोट्या,

सुखरूप पोचलास ते शिंपीणबाईंच्या फोनवरून कळलं. तिने विचारलं, "मशीन कुणी केलं?" मी म्हटलं, "मी." ती हसायला लागली. मग मी तिला सगळं सांगितलं: मागचा पत्रा कसा काढला, तू एकेका वायरला वेगळ्या रंगाचा दोरा बांधायला लावलास, आणि जुनी कॉइल बाहेर आली तेव्हा तिच्यावर नखाएवढी चीर होती, ती मीच तुला दाखवली. हिरवी वायर मी स्वतः जागेवर बसवली, आणि तू तीनदा ओढून बघायला लावलीस, हेही सांगितलं. तुझ्या हातांचं सांगितलं नाही. तो तुझा प्रश्न आहे, पण मला विचारशील तर लपवू नकोस. पहिल्या दिवशी तू हात खिशात घालून बसलास तेव्हा मला तू रागावलायस असं वाटलं होतं.

तुझ्यावर थोडी चिडलेय अजून. दोन महिने आपण दोघांनी एकमेकांना जे 'ठीक आहे, ठीक आहे' लिहून पाठवलं, त्यात यांचा जीव जायची वेळ आली होती. याचा राग कुणावर काढायचा हे मला कळत नाही, म्हणून तुला लिहितेय.

काल गरमवर लावलं. तू गेल्यावर पहिल्यांदाच. मी सारखी दाराजवळच्या पेटीकडे बघत होते. खटका वरच होता. हे न्हाणीघराच्या उंबऱ्याबाहेर येऊन खुर्चीवर बसले, आत पाऊल टाकत नाहीत अजून. काचेतून चादर फिरताना दिसत होती. त्यांनी विचारलं, "कुणाची?"

मी म्हटलं, "आपली."

"माझी असेल."

"आपली. आपण एकाच चादरीवर झोपतो."

मशीन थांबलं, मी दार उघडून चादर बाहेर ओढली. ओली चादर जड असते, अर्धी जमिनीला लागायला आली. तेवढ्यात हे उठले, उंबरा ओलांडून आत आले, चादरीची दोन टोकं हातात घेतली आणि मागे सरकत सरकत ती ताणून धरून उभे राहिले. मी माझी टोकं शोधेपर्यंत तसेच उभे होते.

ताई